माझं काम फक्त ‘वळ’ म्हणायचं

मैनूभाई गेला ही बातमी मला पंगतीत कळली. जेवायला बसलो नव्हतो, बोलायला उभा होतो. आमची साऊंड सर्विस. भोंगे आमचे, माईक आमचा, आणि यजमानांनी सांगितलं असो नसो, बडबडही आमचीच. जावळाचा कार्यक्रम होता. शेंगाचटणीचा ढीग बघून दोन गिर्यारोहक दोर घेऊन आलेत, त्यांनाही वाढा, असलं काहीतरी मी माईकवर फेकत होतो आणि लोक हसत होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. अंबादासचा होता. ‘अण्णा, मैनूभाई गेले,’ तो म्हणाला. माझ्या तोंडून ‘कधी?’ एवढंच निघालं, पण माईक चालू होता. तो ‘कधी?’ चारी भोंग्यांतून अंगणभर गेला. दोनशे माणसांचे घास हातात राहिले. पंगतीतली एक म्हातारी मान वर करून म्हणाली, ‘आत्ताच वाढलं की रे बाबा श्रीखंड.’ मी माईक बंद केला. तीस वर्षांच्या धंद्यात मध्येच माईक बंद करायची ती पहिलीच वेळ.

त्याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीत लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. सोलापुरात मला ओळखणारा कुणीही सांगेल, की याचं बोलणं ऐकायचं तर अर्धं कापून ऐकावं. मैनूभाई तर मला माईकच म्हणायचा, आणि वर सांगायचा, ‘इसका आधा काट दो, और बचेल आधा सुबू उठके सोचो.’ तेव्हा वाचकहो, आधीच सांगून ठेवतो. या लेखात मी पुष्कळ फेकणार आहे, त्याशिवाय मला लिहिताच येत नाही. पण शेवटाकडे एक गोष्ट सांगायची आहे, ती जशी घडली तशीच सांगणार आहे. ती कापू नका.

मैनूभाईचं, म्हणजे मैनुद्दीनचं दुकान मोटारी भरायचं. जळलेली मोटार आली की आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार वेढे मोजून भरायची, हा धंदा. यंत्रमागाच्या मोटारी, विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या, एकदा तर सर्कसवाल्यांच्या पाळण्याची. दुकान एवढं अरुंद, की आत माणूस शिरला तर मोटारीला बाहेर यावं लागायचं. माझा जनरेटर ऐन लग्नसराईत जळला, तेव्हा मी पहिल्यांदा तिथं गेलो. हा गृहस्थ डोकं खाली घालून तार भरतोय, ओठ हलतायत. मी स्टुलावर बसलो आणि गप्प बसवेना म्हणून एका वरातीची गोष्ट सुरू केली. घोडा नवरदेवाला घेऊन थेट होटगी स्टेशनात कसा शिरला आणि तिकीट तपासनिसानं घोड्याला कसा दंड केला, ती. गोष्ट रंगात आली आणि मैनूभाईचे ओठ थांबले. त्यानं हातातल्या गुंडाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भरलेली सगळी तार उलटी काढायला सुरुवात केली.

‘हे काय करताय?’ मी म्हणालो.

‘आकडा चुकला. तुझ्या घोड्यानं चुकवला.’

‘अहो एखादा वेढा इकडंतिकडं. कुणाला कळतंय?’

‘मोटारला कळतं की बे,’ तो म्हणाला, आणि पुन्हा एकपासून सुरू झाला.

दीड तास मी त्या स्टुलावर तोंड मिटून बसलो. आईच्या पोटात सोडलं तर एवढा वेळ मी कुठंच गप्प बसलो नव्हतो. त्या दीड तासात आमची मैत्री झाली. कशी झाली ते मलाही माहीत नाही... बहुतेक त्याला बोलणारा हवा होता आणि मला थांबवणारा.

विमानांचं वेड त्याला लागलं ते लग्नांमुळं. म्हणजे एका परीनं माझ्यामुळंच. आजकाल लग्नात फोटोवाले ड्रोन उडवतात, ते मंडपाच्या तारेत अडकतात, पंख्यात शिरतात, एकदा तर मी स्वतः बघितलं, नवरीच्या आजीनं घार समजून झाडूनं पाडला. त्यांच्या लिंबाएवढ्या मोटारी जळल्या की फोटोवाले त्या फेकून द्यायचे. मी त्या खिशात घालून मैनूभाईकडे नेल्या, गंमत म्हणून. त्यानं एक हातात घेतली आणि चेहरा असा केला, जणू मी चिमणीचं पिल्लू आणलंय. चिमटा घेतला, भिंग लावलं, केसासारखी तार काढली, तेवढेच वेढे पुन्हा भरले. मोटार फिरली. मग प्रश्न आला, की फिरणाऱ्या मोटारीचं करायचं काय? पुढं पंखा लावला, मागं विमान लावलं. विमान कशाचं? आपल्या गावात चौकाचौकात वाढदिवसाचे सनबोर्ड लागतात की नाही, हलके, गुळगुळीत, वर भावी कुणीतरी हात जोडून उभे. वाढदिवस उलटला की त्या बोर्डांना कुणी विचारत नाही. आमची पहिली पाच विमानं त्यातून कापली. एका पंखावर नेत्याचा डोळा, दुसऱ्यावर गॉगल, शेपटीवर ‘शुभेच्छुक’. पहिलं विमान उडालं ते असं उडालं, की त्या नेत्यालाही आयुष्यात एवढं वर जाता आलं नसेल. ते अक्कलकोटच्या दिशेनं गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत मिळालं तेव्हा त्याला गुलाल लागला होता. कापा अर्धं. मिळालं ते बाभळीत मिळालं.

पुढं आमच्यासारखे आणखी वेडे जमत गेले. अंबादास आला, टॉवेलच्या कारखान्यातला जॉबर, माग दुरुस्त करणारा. घरी तेलुगू बोलणारा, कारखान्यात मराठी, आणि विमान पडलं की तिन्ही भाषांत शिव्या घालणारा. आणखी एकदोन मास्तर, एक मेकॅनिक. नुसतं उडवून कंटाळा आला तेव्हा शर्यतीचं निघालं. शर्यत सोपी असते. तीन बांबू त्रिकोणात रोवायचे, चार विमानं एका वेळी सोडायची, बांबूंना बाहेरून वळसा घालत दहा फेरे. आधी पुरे करील तो जिंकला. आमच्या बांबूंच्या टोकाला अंबादासनं आणलेले खोटातले, विणीत चूक राहिलेले टॉवेल असायचे. एक लाल, एक हिरवा, एक पिवळा.

सोपं तेवढंच. कारण तिसऱ्याच महिन्यात एक डॉक्टर आले. माणूस चांगला, पण त्यांची मोटार परदेशी. पहिल्या शर्यतीत आमची विमानं दुसऱ्या फेऱ्यात होती तेव्हा डॉक्टरांचं विमान दहा फेरे करून, उतरून, चहा पिऊन बसलं होतं. सगळे हिरमुसले. मेकॅनिक म्हणाला, आपल्याला हा खेळ झेपायचा नाही. पुढच्या वेळी मैनूभाई एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आला. आत सहा मोटारी. सहाही त्यानं स्वतःच्या हातानं भरलेल्या, एकसारखी तार, एकसारखे वेढे, आणि कुणी उघडून आत हात घालू नये म्हणून स्क्रूवर रझियाभाभीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. नियम असा, की शर्यतीआधी डोळे मिटून डब्यात हात घालायचा, हाताला येईल ती मोटार विमानाला लावायची, शर्यत झाली की डब्यात परत. आपली मोटार घरी ठेवायची.

डॉक्टर हसत म्हणाले, ‘मैनूभाई, म्हणजे तुम्ही मला गरीब करणार.’

‘नाही डॉक्टरसाब. सबकू एकसारखं करणार. मग बघू हात कुणाचा चालतो.’

डॉक्टर त्या दिवशी शेवटून पहिले आले, आणि तेव्हापासून जे चिकटले ते चिकटलेच. बक्षीस म्हणून एक चादर असायची, ती जिंकणाऱ्याला. पण मैनूभाईनं दुसरी चादरही आणायला लावली, ती शेवट आलेल्याला. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाला, ‘हारेल माणसाला थंडी जास्त वाजते बे.’

जागेची मात्र फरपट झाली. आधी शहराजवळचा एक माळ होता, पण तो विमानतळाच्या अंगाला. खरी विमानं येऊ लागली की सनबोर्डाच्या विमानांनी उठावं, हे आम्हालाही पटत होतं. मग उजनीच्या काठावरचे दामूतात्या मिळाले. त्यांचा पंप मैनूभाईनं भरला होता. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं आणि खालची सपाट जमीन उघडी पडते, ताटासारखी. तात्या म्हणाले, ‘ही आमच्या बापाची जिमीन. धरणात गेली. वर्सातनं दोन म्हैनं तोंड दावती आन् पुन्हा बुडती. त्येवडं दोन म्हैनं वापरा की. कुनी हितं यिऊन हसलं तर जिमिनीलाबी बरं वाटंल.’ तेव्हापासून दर उन्हाळ्यात, पहाटे माझ्या साऊंडच्या टेम्पोत विमानं, बांबू, माणसं आणि तो डबा घालून आम्ही तिकडं जायचो. वारा उठायच्या आत शर्यती आटपायच्या. ऊन असं, की विमानाची सावलीसुद्धा टेम्पोखाली येऊन बसायची. लाल टॉवेलचा बांबू सगळ्यांत लांब, अगदी पाण्याच्या कडेला.

आता माझं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उडवणारा एका जागी उभा असतो, त्याला लांबून कळत नाही की आपलं विमान लाल बांबूच्या पुढं गेलं की अलीकडेच आहे. म्हणून बांबूपाशी अंबादास उभा राहायचा आणि विमान बांबूपलीकडे गेलं की हातातला टॉवेल खाली पाडायचा. उडवणाऱ्याची नजर विमानावर, त्यामुळं तो टॉवेल बघायला शेजारी एक माणूस लागतो. टॉवेल पडला की त्यानं ओरडायचं, ‘वळ!’ अर्धा क्षण उशीर झाला तर विमान हातचं गेलं. मैनूभाईनं या कामाला मला घेतलं. सगळे त्याला हसले. अंबादास तर म्हणाला, ‘भाई, अख्ख्या सोलापुरात तुम्हाला हाच गावला?’

मैनूभाई म्हणाला, ‘फेकायला वेळ लागतो. वळ म्हणायला लागत नाही. तेवढ्यात हा खोटं बोलूच शकत नाही.’ आणि मला बाजूला घेऊन बजावलं, ‘दोनच शब्द. वळायचं तेव्हा वळ. फेरा झाला की झाला. तिसरा शब्द नक्को. कसम.’ मी शपथ घेतली. माईकवर मी जगाला हत्ती विकीन, पण त्याच्या खांद्याशी उभा राहिलो की दोन शब्दांवर मी गरीब व्हायचो. माझं ‘वळ’ आणि त्याचा अंगठा यांत फट नसायची. तो स्वतःही फेरे मोजायचा. अंबादासनं त्याला मागावरचं एक जुनं काउंटर दिलं होतं, मागावर किती धागे पडले ते मोजणारं, एक खटका दाबला की आकडा एकानं पुढं सरकतो. ते त्यानं रिमोटच्या पाठीला बसवलं होतं. मी ‘झाला’ म्हटलं की त्याचं मधलं बोट मागून खटका दाबायचं. टक्. शर्यत संपली की तो ते शून्यावर आणून ठेवायचा, शर्यत जिंकलेली असो वा हरलेली. काउंटर शून्यावर आणल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे.

मग साखरेनं त्याचे डोळे घेतले. एकदम नाही, कडेकडेनं. आधी भिंग मोठं आलं, मग दिवा मोठा आला, मग मी बघितलं की तो मोटारी भरताना बघतच नाही, बोटांनीच भरतोय. मला म्हणाला, ‘तारला डोळे लागत नाहीत.’ पण विमानाला लागतात. शर्यतीआधी प्रत्येकाला विचारायचं, की लांबच्या बांबूला कुठला टॉवेल आहे, आणि सांगता आलं नाही तर त्या दिवशी उडवायचं नाही, हा नियम त्याचाच. एरवी लांबच्या बांबूला लाल असला तरी मधूनमधून टॉवेल आम्ही आलटून पालटून बांधायचो ते त्यासाठीच. एका सकाळी त्याची पाळी आली, अंबादासनं विचारलं, आणि मैनूभाई बराच वेळ तिकडं तोंड करून उभा राहिला. मग रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘नाही दिसत,’ आणि टेम्पोच्या सावलीला जाऊन डबा मांडीवर घेऊन बसला. पुढचे दोन उन्हाळे तो तसाच आला. डबा उघडायचा, मोटारी वाटायचा, परत घेताना मोजायचा. सहा. झाकण बंद. त्याच्या तोंडावर काही दिसायचं नाही, पण विमानं वर असली की मांडीवर त्याचे अंगठे हलायचे.

ते हलणारे अंगठे मला बघवेनात. गेल्या उन्हाळ्यात त्याची किडनीही कुरकुरायला लागली होती, पुढच्या वर्षाचा भरवसा कुणालाच नव्हता. मी सगळ्यांना आधीच फोडून ठेवलं आणि शेवटच्या शर्यतीआधी रिमोट त्याच्यापुढं धरला. ‘भाई, एकदा.’

‘नियम आहे बे.’

‘मग विचारू दे की नियमाप्रमाणे. ए अंबादास, विचार!’

अंबादास लांबून ओरडला, ‘भाई, माझ्यापाशी रंग कुठला?’ त्या दिवशी तिथं लालच होता. मैनूभाई तिकडं तोंड करून म्हणाला, ‘हिरवा.’ आणि लांबून अंबादासचा आवाज आला, ‘बरोबर!’ डॉक्टर म्हणाले, ‘बरोबर.’ मेकॅनिक म्हणाला, ‘एकदम बरोबर.’ मी तर टाळ्या वाजवल्या. मैनूभाई जरासा हसला. मग म्हणाला, ‘आज शर्यत नाही. चादर नाही. नुसतं उडवू. आणि हा माईक सोडून ज्यांच्या हातात रिमोट नाही ते सगळे टेम्पोच्या आड जावा. अंबादास, तू बांबूपासनं लांब हो, तिथनं टॉवेल पाड.’ ही व्यवस्था त्यानं का लावली ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, आपण त्याला फसवलं.

चार विमानं सुटली. मैनूभाईचं, डॉक्टरांचं, मेकॅनिकचं, एका मास्तरांचं. आणि काय सांगू, तो माणूस उडवत होता! डोळे जवळजवळ मिटलेले, ओठ हलतायत, एका बांबूपासून दुसऱ्यापर्यंत मनातल्या मनात मोजतोय, जसे वेढे मोजायचा. मी ‘वळ’ म्हटलं की वळत होता, बाकी सगळं आकड्यांवर. पहिला फेरा झाला. टक्. दुसरा, टक्. पाचव्या फेऱ्याला तो दुसरा होता, सातव्याला डॉक्टरांच्या पुढं. पहिला! टेम्पोच्या आडून लोक शिट्ट्या मारायला लागले. आणि आठव्या फेऱ्यात, विमान लाल बांबूकडे निघालेलं असताना, माझ्या आतला माईक चालू झाला. मी ओरडलो, ‘आला रे आला, सोलापूरचा वाघ आला!’ अंबादासचा टॉवेल पडलेला मला दिसला. दिसला, पण माझं तोंड वाघात अडकलं होतं. मग ‘वळ’ म्हणालो. अर्धा क्षण. विमान बांबूच्या पलीकडे सरळ गेलं, एक पंख खाली झाला, आणि ते पाण्यात शिरलं. आवाजसुद्धा झाला नाही.

मैनूभाईचे अंगठे चालूच होते. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. वर तीन विमानं फिरत होती, त्याच्याच हातानं भरलेल्या तीन मोटारी, एकाच सुरात. मला वाटलं, आवाज एकसारखाच तर आहे, याला काय कळणार? आणि मी म्हणालो, ‘झाला.’ मग दुसऱ्याच कुणाच्या विमानाकडे बघत, पाण्यात पडलेल्या विमानाला म्हणालो, ‘वळ.’ त्याचा अंगठा वळला. ‘झाला.’ ‘वळ.’ ‘झाला.’ अर्ध्या मिनिटाचा खेळ. आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, त्या सगळ्या मिळून त्या पाच शब्दांएवढ्या जड झाल्या नाहीत.

दहावा ‘झाला’ म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘भाई, दुसरा आलास. डॉक्टर एका नाकानं पुढं.’ पहिला म्हणायची हिंमत झाली नाही. मेकॅनिकनं तसंच दुसरं विमान आणून त्याच्या हातात दिलं. मैनूभाईनं दोन्ही पंखांवरून बोटं फिरवली. ‘ओरखडापण नाही की,’ तो म्हणाला. तोवर अंबादास कमरेएवढ्या पाण्यातून मोटार काढून, टॉवेलनं पुसून घेऊन आला. मैनूभाईनं डबा मागवला, मोटारी एकेक हातात घेऊन आत ठेवल्या. एक जरा जास्त वेळ हातात धरली. ‘सहा,’ म्हणाला आणि झाकण लावलं. परतीच्या वाटेवर टेम्पोत तो माझ्या शेजारी झोपला. निदान मला वाटलं, झोपला.

त्यानंतर दवाखाना सुरू झाला, आठवड्यातून दोनदा रक्त धुवायचं. मी सोबतीला जायचो. दर वेळी ठरवून जायचो, की आज सांगायचं. भाई, मी तिसरा शब्द बोललो. भाई, तुझं विमान माझ्यामुळं पडलं, आणि पडलेलं मी तुला तीन फेरे उडवायला लावलं. पण तिथं गेलो की तो पांढऱ्या गादीवरून म्हणायचा, ‘माईक, वो शेवटची शर्यत सांग की.’ आणि मी सांगायचो. दर वेळी थोडी वाढवून. आधी डॉक्टर एका नाकानं पुढं होते, मग एका मिशीनं, मग विमानाच्या पंख्याच्या वाऱ्यानं लाल टॉवेल वाळून कडक झाला, मग पाण्यातले मासे तोंड वर काढून बघत होते. शेजारच्या खाटेवरचे लोक हसायचे. मैनूभाई डोळे मिटून ऐकायचा. एकदा मी धीर करून म्हणालो, ‘भाई, आठव्या फेऱ्यात ना...’ तर त्यानं हात वर केला. ‘आठवा नक्को. थेट दहावा सांग.’ मला वाटलं, दमलाय. मी दहावा सांगितला. पुढच्या वेळी सांगू म्हटलं, आणि ती पुढची वेळ आली ती जावळाच्या पंगतीत, भोंग्यातून.

मातीला सगळे आले होते. मास्तर, मेकॅनिक, काठावरून दामूतात्या. तात्या माझा हात धरून म्हणाले, ‘जिमीन बुडली बगा. टोकाला त्यो लाल फडका तेवडा वर हाय पान्याच्या.’ या वर्षी बांबू काढून आणायचे राहून गेले होते. कोण काढणार होतं?

गेल्या आठवड्यात रझियाभाभीनं दुकानात बोलावलं. दुकान रिकामं करायचं होतं. तारेची रिळं, साचे, भिंग सगळं एका खोक्यात भरलेलं. डबा तिनं अंबादासला दिला होता, तो नियम जाणतो म्हणून. माझ्यासाठी एका टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ‘ये तुमारे वास्ते रखेले थे,’ ती म्हणाली. ‘मेरेकू पुसने भी नक्को बोले. बोले, माईक आया तो देना, आकडा मत हिलाना.’

रिमोट होता. पाठीवर मागाचं काउंटर. मी ते दारातल्या उजेडात उलटं केलं.

सात.

माझ्या प्रत्येक ‘झाला’ला मैनूभाईचा टक् व्हायचा. सातनंतर मी तीनदा ‘झाला’ म्हणालो होतो आणि टक् झाला नव्हता, आणि मी, कानावर धंदा चालवणारा माणूस, मला ते ऐकू आलं नव्हतं. मोटारी एकसारख्या होत्या, हे खरं. पण जन्मभर मोजत आलेल्या माणसाला चाराच्या तीन झालेल्या कळणार नाहीत, असं मला वाटलंच कसं? त्याला त्याच क्षणी कळलं होतं. कळल्यावरही तो तीन फेरे अंगठे हलवत राहिला, रिकाम्या आभाळात, माझं खोटं खाली पडू नये म्हणून. खोटं बोलणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणं त्याला जमलं, पण खटका दाबणं नाही जमलं. नंतर काउंटर शून्यावरही आणलं नाही.

भाभी म्हणाली, ‘चाय पीते?’ मी नको म्हणालो.

रिमोट आता माझ्या टेम्पोत असतो, स्टिअरिंगच्या पुढं, टॉवेलावर. अंबादास म्हणतो, पाणी ओसरलं की जाऊ, डबा आहे, माणसं आहेत, तुम्ही फक्त या. पाणी ओसरायला अजून सहा-सात महिने आहेत. कार्यक्रमाला निघण्याआधी मी रोज तो हातात घेतो. खटक्याची स्प्रिंग अजून चांगली आहे, हलकं बोट लागलं तरी खटका आत जातो. तीनदा दाबलं की दहा होतील. बोट ठेवतो... आणि काढून घेतो.